छपरावरची ट्राम : चौलला गाडी लावून रेडिओ ऐकू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

कोणासाठी

नोकरीतून सुटल्यावर फंडाच्या पैशांतून ज्यांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, तिच्यात पलंग, ओटा आणि मोरी बसवून घेतली, छपरावर दोन सोलर प्लेटी ठोकल्या आणि आता चौलच्या एखाद्या वाडीत मुक्काम टाकला आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. सोबत ट्रान्झिस्टर हवा. ज्यांनी तो आणला नाही त्यांनी पुढे वाचू नये. खरखर त्यांच्याही गाडीत आहे, पण ती ऐकू येण्याची सोय नसल्यामुळे ते सुखी आहेत, आणि सुखी माणसाला दुरुस्ती शिकवण्यासारखं पाप नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडी उभी करायची जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह, सगळ्याचा विचार त्यात आहे. रेडिओत ऊन वाजायला लागलं तर काय करायचं, ते मात्र ज्याचं त्याने बघायचं.

लक्षणं

उजाडण्यापूर्वी मध्यम लहरींवर ५५८ किलोहर्ट्झला मुंबईची अस्मिता वाहिनी लावा. स्वच्छ लागेल. दुखणं सूर्याबरोबर उगवतं. उन्हाळ्यात सातच्या आत ऊन सुपारीचे शेंडे उतरून छपरावर येतं. मग आधी बारीक शिट्टी, नंतर भुणभुण. सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्यांना ‘आकाशवाणी पुणे’ एवढं कळतं, बातम्या कोण देतंय ते कळत नाही. दहाला नुसती खरखर. ढग आला की आवाज बसतो, ढग सरला की पुन्हा चढतो. दिवेलागणीला रोगी ठणठणीत.

या अवस्थेत गाडीतला प्रत्येक जण निदान करतो. एक म्हणतो केंद्रच बंद पडलंय. दुसरा म्हणतो समुद्राजवळ असंच व्हायचं. तिसरा म्हणतो रेडिओ जुना झाला. हे तिसरं निदान महागात पडतं, कारण नवा रेडिओ येतो आणि तोही तितक्याच निष्ठेने खरखरतो.

पायरी पहिली : गाडी लावणे

अलिबाग सोडलं की आक्षी, नागाव आणि मग चौल. रस्ता वाड्यांच्या कुंपणांमधून अंग चोरून जातो. गाडीच्या उंचीत छपरावरच्या प्लेटी धरल्या आहेत ना, हे निघण्यापूर्वी मोजून घ्यावं. केबलवाल्याने रस्त्यावरून आडवी टाकलेली वायर प्लेटीला अडकली, तर पुढचं मार्गदर्शन सगळं गाव मिळून करतं. शनिवारी येऊ नये. शनिवारी निम्मी मुंबई नागावला असते आणि उरलेली निम्मी वडखळला अडकलेली असते.

अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास चौल बंदरात उतरला, तेव्हा त्याच्याजवळ विकायला आणलेला एक घोडा होता. घोड्याला लागते सावली, आणि ती इथे मुबलक. तुम्हाला हवं आहे ऊन, आणि नारळ-सुपारीच्या वाडीत ऊन हा दुर्मीळ माल आहे. म्हणून नवशिके वाडीतली एकुलती एक उघडी जागा शोधतात, जी बरोबर माडाखाली निघते. तिथे गाडी लावू नये. नारळ काचेवर पडतो हे एक कारण. दुसरं, झावळीची सावली, तिच्याकडे पुढे येऊच.

गाडीचं तोंड समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेला ठेवावं. समुद्र दिसतो म्हणून नव्हे. तेही कारण पुढे येईल.

पायरी दुसरी : सूर्याला सोडून देणे

सूर्य निर्दोष आहे. प्लेटही निर्दोष आहे. काचेखालचं सिलिकॉन ऊन घेतं आणि एकाच दिशेने वाहणारी, न थरथरणारी वीज देतं. अशा विजेला रेडिओत आवाज नसतो. खरा आरोपी खाली, पलंगाच्या कप्प्यात, हिरवा दिवा लावून सज्जनासारखा बसलेला आहे. त्याचं नाव चार्ज कंट्रोलर.

दोन प्लेटी एकापुढे एक जोडल्या की भर उन्हात साधारण ३६ व्होल्ट येतात. बॅटरीला हवे असतात १४ च्या आसपास. मधला हिशेब हा डबा जुळवतो. तुमच्या गाडीत ‘एमपीपीटी’ जातीचा डबा असेल, कारण विकणाऱ्याने तोच चांगला म्हणून सांगितला असणार, आणि तो खरोखर चांगला असतो. छपरावरून आलेली वीज तो सेकंदाला हजारो वेळा तोडतो, अडकित्त्याने सुपारी कातरावी तशी, आणि ती कातरण कॉइल व कपॅसिटरमधून पुन्हा सपाट करून बॅटरीला देतो. काप जितका झटकन, तितकी वीज कमी वाया जाते. आणि काप जितका झटकन, तितकी खरखर जास्त. म्हणजे डबा जेवढा हुशार तेवढा रेडिओला त्रास, हे लक्षात ठेवून किमतीकडे बघावं.

आता थोडं गणित. समजा डबा ६२ किलोहर्ट्झने कातरतो आहे. हा आवाज ६२ वर थांबत नाही. १२४, १८६, २४८ अशा पटीपटीने वर चढत जातो. ६२ ला ९ ने गुणा. ५५८ आले. म्हणजे मुंबईचं केंद्र आणि पलंगाखालचा डबा एकाच जागेवरून बोलायला लागले, आणि दोघांत डबा तुम्हाला सत्तरेक किलोमीटरने जवळचा. डबा ५० ने कातरत असेल तर त्याची अकरावी पट ५५० ला पडते, केंद्रापासून आठ किलोहर्ट्झ बाजूला, आणि ती बारीक शिट्टी होऊन ऐकू येते. शिट्टीवाल्यांनी स्वतःला भाग्यवान समजावं.

झावळीचं राहिलं. एमपीपीटी डबा सतत चाचपत असतो की या घडीला प्लेटीतून जास्तीत जास्त वीज कोणत्या व्होल्टेजला मिळेल. ऊन स्थिर असेल तर त्याचं चाचपणं थोडक्यात आटोपतं. प्लेटीवर झावळी हलायला लागली की तो बिचारा वेडापिसा होतो. सावली पुढे सरकली, मागे आली, परत पुढे. खरखरीला त्यामुळे लय येते. वाऱ्यासोबत आवाज झुलायला लागला, की केंद्र, हवामान आणि रेडिओचं वय या तिन्ही निदानांवर काट मारावी.

कोणी म्हणेल एफएम लावा. एफएमच्या रेडिओत आवाज लहरीच्या उंचीत नसून वारंवारतेच्या बदलात असतो, आणि उंचीतली गडबड रेडिओ कापून टाकतो, म्हणून तिथे खरखर बरीच कमी लागते. हा उपाय नव्हे, पळवाट आहे. आणि पळवाटच काढायची तर तिच्यासाठी मार्गदर्शन कशाला?

अवांतर, पण गाळू नये

येताना अलिबागला किनाऱ्याजवळ चुंबकीय वेधशाळेवरून तुम्ही गेला असाल. बहुतेकांना वाटतं तिथे हवामान बघतात. तिथे पृथ्वीचं चुंबकत्व मोजतात, आणि ती जागा तिथे आहे ती विजेच्या खरखरीमुळेच.

मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. १८४० च्या दशकापासून तिथे चुंबकीय नोंदी होऊ लागल्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून जे प्रचंड चुंबकीय वादळ आलं, ते कुलाब्याच्या सुईने नोंदवलं. सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण त्या वह्यांत आहे, आणि जगभरचे अभ्यासक आजही ती उघडून बसतात. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना शहराने ठरवलं की घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायच्या. विजेची ट्राम वरच्या तारेतून प्रवाह घेते आणि रुळांतून परत करते, पण सगळा प्रवाह रुळांतून गुमान परत जात नाही. थोडा जमिनीत पाझरतो, आणि हवी ती वाट धरतो. ट्राम निघाली की सुई हलणार, थांबली की हलणार. पृथ्वीचा हिशेब लिहायचा त्या वहीत ट्रामचं वेळापत्रक उतरणार.

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी ट्राम अडवली नाही. ट्राम धावण्यापूर्वीच दूरची जागा बघितली, ती अलिबागची. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या. बांधकाम पोरबंदरी दगडाचं, आणि खिळे-बिजागऱ्यांपर्यंत लोखंड टाळलेलं. दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग इथे एकाच वेळी मोजमाप केलं, म्हणजे जुन्या आणि नव्या वहीचा सांधा नीट बसावा, आणि १९०६ मध्ये कुलाब्याचं चुंबकीय काम थांबवलं. ७ मे १९०७ ला मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली, तेव्हा सुई खाडीपलीकडे सुरक्षित होती. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्रामही धावून संपली. सुई मात्र परत गेली नाही. आजही ती अलिबागेतच आहे.

ट्रामची गडबड संथ आणि तुमच्या डब्याची गडबड सेकंदाला हजारोंची, त्यामुळे दोन्ही दुखणी एक नव्हेत; सुईला डब्याची खरखर कळणार नाही आणि ट्रान्झिस्टरला रुळांतला पाझर. पण स्वभाव एकच: प्रवाहाने आपली नेमून दिलेली वाट सोडायची आणि शेजाऱ्याच्या यंत्रात शिरायचं. ज्या किनाऱ्यावर विजेच्या त्रासातून सुटका म्हणून एक अख्खी वेधशाळा हलवली, त्याच किनाऱ्याला आपण छपरावर आपापली ट्राम घेऊन येतो आणि विचारतो, इथे रेडिओ का लागत नाही.

पायरी तिसरी : झडती

सामान : पेन्सिल सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर (गाडीचा रेडिओ नको, तो स्वतःच आरोपींच्या पंगतीत बसतो), एक ताडपत्री, शिडी, आणि वाद न घालणारा एक मदतनीस. शेवटचं सामान सहसा मिळत नाही.

रेडिओ केंद्रावरून थोडा बाजूला, जिथे काहीच लागत नाही अशा जागी ठेवा आणि आवाज वाढवा. आता खरखर हेच तुमचं केंद्र. भर उन्हात प्लेटींवर ताडपत्री टाका. दोन-पाच सेकंदांत खरखर गेली, तर डबा पकडला गेला. नाही गेली, तर डबा निर्दोष किंवा त्याचे साथीदार अनेक आहेत.

ताडपत्री टाकताना वाडीमालक हटकून येतात.

“काय ओ, पाऊस येतोय का?”

“नाही काका, रेडिओ ऐकतोय.”

“छपरावर बसून?”

“ऊन झाकलं की आवाज थांबतो.”

“मग ऊन कशाला घेताय? आमच्या पडवीत लावा की रेडिओ.”

हे उत्तर लिहून ठेवावं. ते बरोबर आहे, पण इतक्या लवकर मान्य केलं तर दुरुस्तीची हौस भागत नाही.

यानंतर गाडीतलं एकेक यंत्र बंद करत जावं. आधी इन्व्हर्टर. मग फ्रिज, बॅटरीवर चालणाऱ्या लहान फ्रिजच्या कॉम्प्रेसरलाही आतून कातरलेलीच वीज लागते, आणि तो मनाला येईल तेव्हा चालू होतो, त्यामुळे निर्दोष म्हणून सोडून दिलेला हा आरोपी पाठ फिरताच पुन्हा गुन्हा करतो. मग मंद-प्रखर होणारे एलईडी दिवे. मग पंखा. इंडक्शन शेगडीवर खटला चालवायची गरज नाही. ती लावली की आजूबाजूच्या गाड्यांतलेही रेडिओ कबुली देतात. सकाळी चहा आणि बातम्या यांतलं एक निवडावं, किंवा चहा गॅसवर करावा.

एकाच वेळी दोन वस्तू बंद करू नयेत. हा नियम सगळ्यांना पटतो आणि कोणीही पाळत नाही.

ट्रान्झिस्टरला आणखी एक विद्या येते. मध्यम लहरींसाठी त्याच्या पोटात फेराइटची एक आडवी कांडी असते. कांडीच्या टोकांच्या दिशेने आलेलं तिला जवळजवळ ऐकू येत नाही, बाजूने आलेलं उत्तम येतं. रेडिओ हातात घेऊन सावकाश फिरवा. खरखर ज्या क्षणी बसेल, त्या क्षणी कांडीची टोकं आरोपीकडे बोट दाखवत असतात. गाडीचं तोंड पश्चिमेला का ठेवायला सांगितलं होतं ते आता बघा. आकाशवाणीचं मध्यम लहरींचं प्रक्षेपण मालाडहून होतं, म्हणजे चौलवरून जवळजवळ थेट उत्तरेला. डबा गाडीच्या मागच्या टोकाला आणि रेडिओ पुढच्या काचेशी असेल, तर कांडी गाडीच्या लांबीने, पूर्व-पश्चिम ठेवावी. मालाड बाजूने येतं, डबा टोकाकडून. एक ऐकू येतं, दुसरं दबतं. याला पैसे पडत नाहीत, त्यामुळे यावर कोणाचा विश्वास बसत नाही. छपरावर वायरी लांबवर पसरलेल्या असतील तर मात्र ही विद्या अर्धीच चालते, कारण मग आरोपी एका जागी बसलेला नसतो, तो गाडीभर ताणलेला असतो.

पायरी चौथी : होकायंत्र

ही पायरी खरखरीवरचा इलाज नाही. पण ती केल्यावर पुढची पायरी जन्मात विसरत नाही, म्हणून करावी. शिवाय चौल हे दोन हजार वर्षांचं बंदर. इथे येऊन होकायंत्र काढलं नाही तर कुठे काढणार?

शाळेच्या कंपासपेटीतलं नव्हे, चांगलं होकायंत्र घ्या. गाडीचा पत्रा लोखंडी असतो म्हणून डब्यापासून बॅटरीकडे जाणाऱ्या दोन वायरींपैकी एक शक्य तितकी बाहेर ओढून घ्या, उत्तर-दक्षिण धरा आणि होकायंत्र तिच्याखाली साधारण १० सेंटिमीटरवर ठेवा. छपरावर ताडपत्री असू द्या. सुई उत्तर दाखवते आहे. आता मदतनीसाला ताडपत्री ओढायला सांगा. सुई वळते, आणि चांगली ठसठशीत वळते. वायरीतून १५ अँपिअर जात असतील तर त्या अंतरावर तिचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ३० मायक्रोटेस्ला भरतं. पृथ्वीचं आडवं क्षेत्र या किनाऱ्यावर साधारण ३८. म्हणजे अख्ख्या पृथ्वीशी तुमची एक वायर जवळजवळ बरोबरीने ओढाताण करते आहे. १८२० मध्ये डेन्मार्कच्या अर्स्टेडने वायरीजवळ सुई हलताना पाहिली आणि विज्ञानाचं एक पुस्तक नव्याने लिहावं लागलं. तुम्हाला तेच दृश्य पलंगाखाली फुकट दिसतं.

आता दुसरी वायर आणा आणि पहिलीला चिकटवून दोघींना एकमेकींत पिळा. सुई मुकाट्याने उत्तरेला परत जाते. जाणारा प्रवाह आणि येणारा प्रवाह अंगाला अंग लावून चालले की बाहेरच्याला काही कळत नाही. दोघांमध्ये अंतर पडलं की सगळ्या आळीला कळतं. ट्रामच्या रुळांतून पाझरणाऱ्या प्रवाहाची तक्रारही हीच होती, आणि छपरावर एका प्लेटीची अधिक वायर डाव्या कडेने व उणे वायर उजव्या कडेने नेणाऱ्या कारागिराची चूकही हीच. त्या दोन वायरींच्या मध्ये जेवढी जागा सुटली, तेवढा मोठा तुमचा खरखर-प्रक्षेपक. कारागीर म्हणेल, “साहेब, दिसायला सुटसुटीत दिसतं.” दिसतं खरं.

पायरी पाचवी : उपचार

आधी सुरक्षितता, आणि इथे विनोद नाही. काम करताना पहिल्यांदा प्लेटींचा स्विच बंद करायचा, मग बॅटरीचा. जोडताना उलट : आधी बॅटरी, मग प्लेटी. हा स्विच एकमार्गी विजेसाठी बनवलेलाच हवा. घरच्या दिव्याचा स्विच तिथे लावला तर तोडताना ठिणगी विझत नाही, आतल्या आत जळत राहते. घरच्या विजेत प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगीला विझायची संधी मिळते, प्लेटीच्या विजेत ती मिळत नाही. छपरावरचे प्लग ऊन असताना, प्रवाह चालू असताना उपसू नयेत. बॅटरीच्या अधिक टोकाजवळच फ्यूज हवा, गाडीच्या दुसऱ्या टोकाला असलेला फ्यूज शोभेचा. ओल्या छपरावर चढू नये.

मग वायरी. छपरापासून डब्यापर्यंत आणि डब्यापासून बॅटरीपर्यंत, अधिक-उणे जोडीने, पिळून, शक्य तितक्या आखूड. निम्मं दुखणं इथेच जातं.

उरलेल्या निम्म्यासाठी फेराइटचं कडं. लॅपटॉपच्या वायरीवर टोकाशी जो काळा गोळा असतो तो याच कुळातला. नवशिका ऑनलाइन पाच-सहा चिमटे मागवतो, वायरीवर ओळीने बसवतो आणि काहीही फरक पडला नाही म्हणून निराश होतो. ५५८ किलोहर्ट्झ ही फार खालची जागा आहे. तिथे एकदाच ओवलेल्या लहान गोळ्याला कोणी विचारत नाही. मोठं कडं घ्या, कमी वारंवारतेसाठी असलेल्या मालाचं (दुकानात ‘३१ नंबरचं मिक्स’ मागावं), आणि त्यातून वायर पुन्हा पुन्हा फिरवा. नऊ वेढे दिले तर परिणाम नऊपट होत नाही, साधारण एक्याऐंशी पट होतो. जाड वायरीचे नऊ वेढे बसत नाहीत हे प्रत्येकाला कडं विकत घेतल्यावर कळतं; मग कडी जास्त, वेढे कमी. अधिक आणि उणे दोन्ही वायरी एकत्र, एकाच दिशेने ओवायच्या. एकटी ओवली तर त्या मोठ्या प्रवाहाने कडं चुंबकत्वाने तुडुंब भरतं आणि कामातून जातं. डब्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कडं लावावं, प्लेटींकडे आणि बॅटरीकडे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करावी. दुकानदार आधी ‘कशाला पाहिजे’ विचारतो. रेडिओसाठी म्हटलं की तो तुमच्याकडे फार मायेने बघतो.

खाऱ्या हवेला विसरू नये. छपरावरच्या जोडांत मीठ शिरलं की आतला धातू काळवंडतो, जोड अर्धवट धरतो आणि चरचरायला लागतो. ही खरखर वेगळी ओळखू येते : तिला डब्याची एकसुरी भुणभुण नसते, ती तडतडते, आणि छपरावर थाप मारली की बदलते. अशा जोडाला रेडिओपुरता गुन्हेगार समजू नका. तो तापतो. तो बदलायचाच.

गाडीबाहेरची खरखर

गाडीतलं सगळं बंद, प्लेटी झाकलेल्या, बॅटरी सोडवलेली, तरी खरखर आहे? मग ती तुमची नाही. हिवाळ्यात पहाटे दव पडलं की किनाऱ्यालगतच्या खांबांवरच्या चिमण्यांवर (वायरमन इन्शुलेटरला हेच म्हणतो) साचलेलं मीठ ओलं होतं आणि तारेपासून खांबापर्यंत वीज बारीक बारीक तडतडत झिरपते. ऊन वर आलं, दव सुकलं की थांबते. म्हणजे डब्याच्या बरोबर उलट वेळापत्रक. पहाटे खांब, दिवसा डबा : रेडिओ ऐकायला मोकळी अशी एक फट मध्ये सापडते, ती ज्याची त्याने शोधावी. वाडीतला पाण्याचा पंप सुरू होताना एकदा खर्रकन आवाज येतो. त्याबद्दल काकांकडे तक्रार नेऊ नये, तुमच्या टाकीतलं पाणी त्याच पंपाचं आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, खांब पडले, आणि गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. तारांत वीजच नव्हती, त्यामुळे तारांची तडतडही नव्हती. मोबाइल मुके झाले होते. सेलवरचा रेडिओ ज्याच्याकडे होता त्याला बाहेरचं जग कळत होतं. ट्रान्झिस्टरला सामानाच्या यादीत पहिलं स्थान दिलं आहे ते म्हणून.

एवढं करूनही राहिली तर

मूससाहेबांचा उपाय करावा : दूर जावं. त्यांना खाडी ओलांडावी लागली, तुम्हाला वीस पावलं पुरतात. डब्याची खरखर अंतराबरोबर फार झपाट्याने उतरते, आणि गाडीच्या पत्र्याबाहेर आलं की मुंबईही जोरात लागते, कारण पत्र्याच्या पेटीत मध्यम लहरी नीट शिरतच नाहीत. काकांची पडवी वीस पावलांवरच आहे. तिथे तुम्ही जाताना काका काही बोलणार नाहीत, येताना विचारतील, “मग त्या वायरीत काय गुंडाळलंत इतके दिवस?” कड्याची किंमत सांगू नये.

पडवीतही तीच भुणभुण ऐकू आली आणि काका तुमच्याकडे बघायला लागले, तर खिशात हात घाला. मोबाइलला जोडलेली पॉवर बँक तिथे असेल. ती नसेल तर पुन्हा गाडीत जाऊन चालकाच्या सीटजवळ बघा : पेट्रोल पंपावर दीडशे रुपयांना मिळालेला, निळा दिवा असलेला यूएसबी चार्जर सिगारेट लायटरच्या भोकात अजून खोचलेला आहे. तो काढा. तो कोणी घेतला होता, हे गाडीत कोणालाच आठवणार नाही.